सध्या वाचलेल्या कथा : शेवट माहीत असूनही पुन्हा वाचवतात त्या आणि नाही वाचवत त्या

धागाकर्ती : दगडफूल

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस कादंबरी वाचणं जमत नाहीये, दीडशे पानांनंतर कोण कुणाचा मामेभाऊ तेच विसरायला होतं, म्हणून कथांकडे वळले. ऑफिसला जाताना लोकलमध्ये बसायला मिळालं तर एक कथा होते, उभं राहावं लागलं तर अर्धी. काही लायब्ररीतून आणल्या, काही घरातल्या कपाटात आईने जपून ठेवलेल्या होत्या, आणि मुद्दाम प्रकार मिसळून वाचल्या, म्हणजे आज भूत तर उद्या ग्रहतारे आणि परवा माणदेश.

यातल्या बऱ्याच कथा आधी कधीतरी वाचलेल्या होत्या नाहीतर कुणीतरी शेवट सांगून ठेवला होता. त्यामुळे धक्का बसायचा प्रश्नच नव्हता आणि धक्का गेल्यावर मग कथेत उरतं काय ते आपोआप दिसायला लागलं. माझं मत आता असं झालंय की भयकथा असो, विज्ञानकथा असो की ग्रामीण, शेवट पाठ असताना जी पुन्हा वाचवते तीच माझ्या कपाटात राहणार. पटत नसेल तर खाली बोला. स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर येऊन भांडायचं नाही.

सुरुवात नारळीकरांपासून. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हापासून त्यांच्या कथा परत काढायच्या होत्या. 'उजव्या सोंडेचा गणपती' शाळेत असताना वाचली तेव्हा वेड लागलं होतं. लॉर्ड्सवरची टेस्ट, उजव्या हाताने खेळणारा प्रमोद रांगणेकर अचानक डाव्या हाताने बोलिंग टाकायला लागतो, आणि मग म्योबियसची पट्टी (एक पीळ देऊन टोकं जोडलेली), आरशातल्यासारखा उलटा झालेला माणूस, उलट्या सोंडेचा गणपती वगैरे. आता सगळं माहीत असताना वाचली तर लक्षात आलं की रहस्य कळलं की पात्रांना फारसं काम उरत नाही, ती एकमेकांना समजावून सांगण्यापुरतीच उभी असतात. कल्पना अजूनही भारीच आहे, त्यात वाद नाही, पण ती मी दोन मिनिटांत कुणालाही तोंडी सांगू शकते आणि ऐकणाऱ्याचं फार काही बुडत नाही.

याउलट 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इथे तर लेखकाने लपवायचं म्हटलं तरी लपवता येत नाही, १७६१ ला पानिपतावर काय झालं ते कुठल्याही मराठी माणसाला विचारा. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली असती तर, एवढ्या एका 'तर'वर सगळा डोलारा. पण मजा त्या गोळीत नाहीये, मजा आहे गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला येतात आणि तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालू दिसतो त्यात, नेहमीचा प्रवास पण सगळं किंचित सरकलेलं. आणि मग खिशात राहिलेलं बखरीचं ते फाटलेलं पान! शेवटी राजेंद्र देशपांडे जे समजावतो तो थोडा क्लास होतो हे खरंय, तरी ही कथा मी पुन्हा वाचेन. एकाच लेखकाच्या दोन कथा, एक माझ्या परीक्षेत पास, एक काठावर.

रत्नाकर मतकरींची 'खेकडा' (म्हणजे त्या नावाचा संग्रह, १९७० चा) घेतली तेव्हा वाटलं होतं की गूढकथा तर या निकषावर धडाधड पडणार. अर्ध्या पडल्या. ज्यात शेवटच्या ओळीसाठीच आधीची पानं लिहिलीत हे जाणवतं त्या पडल्या. पण ज्यात भूत नसून माणसाची हाव किंवा चीड आहे, आणि तीही आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय घरातली, पंखा फिरतोय, चहा चाललाय, त्या दुसऱ्यांदा जास्त घाबरवतात. कारण पहिल्यांदा वाचताना आपण 'काय होणार' यात अडकलेले असतो, दुसऱ्यांदा मात्र तो माणूस पहिल्या पानापासूनच कुठे चाललाय ते दिसत राहतं आणि आपण त्याला हाकही मारू शकत नाही.

अण्णाभाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं'. खरं तर ही मराठीतली सर्वात भयानक भयकथा आहे आणि तिला कुणी भयकथा म्हणत नाही. खाणीचं काम बंद पडलेला भीमा, मढ्यांच्या राखेतून सोनं चाळायला लागतो, मग पुरलेली प्रेतं उकरायला लागतो, कोल्ह्यांशी त्याची ती मारामारी, आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं. तो प्रसंग मी प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या वाचला आणि पुस्तक मिटून टाकलं. पण सगळ्यात वाईट वाटतं ते त्यानंतरच्या चार ओळींत, बोटं तोडावी लागतात आणि त्याच सुमारास कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा भित्रा नाही, आळशी नाही, त्याला काम हवंय बस. भुताबितांचं त्याला काही वाटत नाही, त्याला धाक पोटाचा. हे एकदा कळलं की कथेतला प्रत्येक अंगावर येणारा प्रसंग मजुरीचा हिशोब म्हणूनही वाचता येतो.

व्यंकटेश माडगूळकर, 'धर्मा रामोशी'. सगळ्यांना शाळेत होती बहुतेक. दिलेलं धोतर म्हाताऱ्याच्या अंगावर न दिसता त्याच्या लेकीच्या अंगावर दिसतं, एवढीच गोष्ट. शेवट इतका माहीत आहे की म्हणीसारखा झालाय. पण आता वाचताना माझं लक्ष सारखं निवेदकाकडे जात होतं, त्याला धोतर दिल्याचं जे बरं वाटतंय ना, आणि मग धर्मा तसाच लंगोटीवर फिरताना दिसल्यावर येणारा तो बारीकसा राग, की दिलेलं वापरत का नाही. तो राग मी ओळखते, कामाला येणाऱ्या मावशींना जुना ड्रेस देऊन दोन महिन्यांनी 'घातला नाही का हो' विचारणाऱ्या सगळ्यांनी ओळखावा. माडगूळकर यावर एक शब्द बोलत नाहीत. एकही नाही.

बाबुराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (संग्रह १९६३ चा) मात्र मी एका दमात वाचू शकले नाही. उधन्याला रेल्वेत नोकरी लागलेला तरुण, कवी मनाचा, राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. नावातच सगळं सांगून टाकलंय आणि तरी वाचताना दर पानावर वाटतं आत्ता कळणार, आत्ता मारणार. सस्पेन्स म्हणजे काय हे शिकायचं असेल तर रहस्यकथेच्या आधी ही वाचा. आणि मार खाल्ल्यावर तो जे म्हणतो, की मला या माणसांनी नाही, मनूने मारलं, ते वाचताना आधी मला थोडं भाषणासारखं वाटलं, मग वाटलं की मार खाल्लेल्या माणसाने कसं बोलावं हे मी कोण ठरवणार.

जी. ए. कुलकर्णींची 'स्वामी' ही कथा वाचली परत. वाटेत अडकलेल्या माणसाला मठात नेतात, आदराने वागवतात, स्वामी करतात आणि तळघरातल्या खोलीत बंद करतात. जेवण उत्तम, सोयी उत्तम, फक्त बाहेर पडायचं नाही. मग ती वेल आणि ते हवेसाठीचं भोक. यावर लिहायला गेले तर धागा तिथेच संपेल म्हणून थांबते. एवढंच की दर वयात ही वेगळी वाटते, कॉलेजात धर्मावरची टीका वाटली होती, आता ईएमआय भरताना वाचली तर वेगळंच काहीतरी झालं.

आणि शेवटी जयंत पवार. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' आधी वाचलंच नव्हतं, २०१२ ला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा फक्त नाव ऐकलेलं. १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव, चाळी, मॉल, त्यात अडकलेली माणसं. यांच्या कथेत एका गोष्टीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, एक असा शेवट पकडता येतच नाही, त्यामुळे माझा निकष इथे लावायचा कसा तेच कळेना. पण लोअर परळला उतरून रोज त्याच भागातून चालत जाणाऱ्या बाईला हे पुस्तक इतक्या उशिरा सापडावं याचं वाईट वाटलं.

तुम्ही काय वाचताय सध्या? फक्त नावं नका टाकू, काय वाटलं ते लिहा.

रातकिडा

लेख आवडला पण निकषाला सपशेल विरोध. काही कथा एकदाच वाचायच्या असतात आणि त्यासाठीच लिहिलेल्या असतात, तो त्यांचा दोष कसा काय? दिवाळीचा फटाका पुन्हा वाजत नाही म्हणून कुणी नाव ठेवत नाही. नारायण धारप, मतकरी, आणि त्याआधी रहस्यकथावाले बाबुराव अर्नाळकर, त्यांनी तर हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांच्या झुंजार आणि धनंजय या नायकांच्या मागे धावत आमच्या बापजाद्यांच्या दोन पिढ्या वाचायला शिकल्या. ती पुस्तकं कुणी दुसऱ्यांदा वाचत बसत नव्हतं कारण तोवर पुढचं आलेलं असायचं. त्या वाचनाला काही किंमतच नाही का?

आणि हृषीकेश गुप्ते वाचा. 'घनगर्द' रात्री वाचू नका एवढंच सांगतो.

दगडफूल

किंमत आहे की! मी फक्त कपाटाची गोष्ट करतेय, मुंबईत घर केवढं असतं बाबा. एकदा वाचायच्या कथा लायब्ररीतून आणेन, पुन्हा वाचायच्या विकत घेईन. गुप्ते यादीत टाकलेत.

सांगलीकर_काका

ताई, तुमचं म्हणणं मला वेगळ्या बाजूने पटलं. आमच्या तरुणपणी मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर असे तिघं मिळून कथाकथनाला यायचे, गणपतीत नाहीतर व्याख्यानमालेत, मैदान भरलेलं असायचं, पोरं झाडावर. शंकर पाटलांची 'धिंड' लोकांना तोंडपाठ होती. तोंडपाठ म्हणजे खरोखर पाठ, पुढचं वाक्य काय येणार ते माहीत आणि तरी ते वाक्य यायच्या आधीच पब्लिक हसायला सुरू. नवीन कथा सुरू केली की मागून कुणीतरी ओरडणार, धिंड घ्या! म्हणजे शेवट माहीत असण्याचीच मजा. तमाशातला वग काय, कीर्तनातलं आख्यान काय, आपल्याकडे गोष्ट माहीत असलेलीच ऐकायची पद्धत होती. धक्का बिक्का हे छापील पुस्तकांनी आणलेलं खूळ असावं असं माझं अडाणी मत.

मिरासदारांचा नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी तर काय होणार ते सांगतच एंट्री घेतात. बाबू पैलवान बोलायला लागला की काहीतरी गोंधळ होणार हे शेंबड्या पोराला कळतं. तरी हसू येतं. २०२१ ला मिरासदार गेले, त्या तिघांतले शेवटचे.

चहाबाज

+१ काका. यूट्यूबवर आहेत रेकॉर्डिंग्ज, आवाज खरखरीत आहे पण पब्लिकचं हसणं ऐकायलाच लावतो मी.

पेणची_पाहुणी

सगळं छान पण धागाकर्ती स्वतः बाई असून अख्ख्या यादीत एकही बाई लेखक नाही हे कुणालाच खटकलं नाही का? मोबाइलवरून टंकतेय, चुका समजून घ्या.

उर्मिला पवारांची 'कवच' वाचा. कोकणातली आई बाजारात आंबे विकते, आणि आंबे घ्यायला आलेली पुरुषमाणसं आंब्यांवरून जे काही अचकट बोलतात ते शाळेत जाणाऱ्या पोराला कळायला लागलेलं असतं, त्याला आईची लाज वाटते, आई बाजारात जाऊच नये असं वाटतं. आणि आई? ती त्यांना त्यांच्याच भाषेत असं सुनावते की बास. पोराला जी लाज वाटत होती तेच तिचं कवच. माझी आजी पेणच्या बाजारात बसायची, मासळी नाही, भाजी, पण भाषा तीच. ही कथा शेवटासाठी वाचतच नाही कुणी, ती त्या बाईच्या तोंडासाठी वाचायची.

आणि जुन्यातलं हवं असेल तर विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास', १९३३ चं. शिकलेल्या, कमावणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींबद्दल तेव्हा असं लिहिलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता, लेखिका नक्की कोण हे कित्येक वर्षं लोकांना माहीत नव्हतं, मालतीबाई बेडेकर हे नाव बाहेर आलं ते १९४६ ला. आता वाचताना काही भाषा जुनी वाटते, पण पगार घरी देणाऱ्या मुलीचं लग्न घरच्यांनाच नको असतं हा मुद्दा जुना झालाय असं मला तरी दिसत नाही, आमच्या ऑफिसात दोन उदाहरणं आहेत.

दगडफूल

पाहुणी, आईच्या कपाटात मेघना पेठेंचं 'हंस अकेला' आणि कमल देसाईंचं 'काळा सूर्य' आहे, ते मुद्दाम मागे ठेवलंय, घाईत वाचायची पुस्तकं नाहीत ती. 'हॅट घालणारी बाई' सुरू केली होती, तीन पानांत कळलं की लोकलमध्ये जमणार नाही. 'कवच' आजच शोधते.

इंग्रजीचा_मास्तर

मी नागपुरात अकरावीला इंग्रजी शिकवतो. एनसीईआरटीच्या पुस्तकात गंगाधरपंत 'द ॲडव्हेंचर' या नावाने आहेत. सांगायला वाईट वाटतं पण मूळ मराठीत ही कथा आहे हे वर्गातल्या मराठी पोरांनाही माहीत नसतं. आणि गंमत म्हणजे त्यांना पानिपत पण सिनेमामुळे माहीत, त्यामुळे विश्वासराव वाचला म्हणजे नक्की काय बदललं हे आधी फळ्यावर काढून दाखवावं लागतं. तुमचा मुद्दा उलटा होतो इथे. शेवट माहीत नसेल तर ती कथा चालतच नाही! खरा इतिहास ज्याला पाठ आहे त्यालाच खोट्या इतिहासाची मजा.

राजेंद्र देशपांडेचा भाग मुलं पाठ करतात कारण त्यावर प्रश्न येतो.

अवांतर : नारळीकरांनी पहिली कथा 'कृष्णविवर' मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं. आरशाचा नाद तेव्हापासूनच दिसतो.

दगडफूल

मास्तर, हे भारीच. 'माहीत असेल तरच चालते' असा तिसरा कप्पा करावा लागणार मला.

घटप्रभा

जी. एं.वर दोनच ओळी? निषेध. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा माणूस, नोकरी धारवाडला. जी. ए. म्हटलं की लोक 'इस्किलार' आणि 'प्रवासी'च काढतात, ते रूपककथेचं जग मोठं आहेच, पण मला विचाराल तर 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे' मधले जी. ए. जास्त जवळचे. तिथली माणसं सीमाभागातली आहेत, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, गरिबी, अपमान, आतेमावशा, उंबरठ्यावर बसलेल्या विधवा. पुण्यामुंबईचे वाचक त्यातली नियती बघतात, आम्हाला आधी आमची गल्ली दिसते.

'काजळमाया'चा अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला हे माहीत असेलच. आता असं कोण करतंय.

'स्वामी'बद्दल धागाकर्तीने ईएमआयचं म्हटलंय ते वाचून आधी हसलो. पण विचार केला तर त्या खोलीत खरंच काही कमी नसतं हो. तीच तर गोची आहे.

बांधावरून

ग्रामीण म्हटलं की माडगूळकर मिरासदार यांच्यापुढे गाडी जात नाही तुमची. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' वाचा. टोमॅटो घेऊन बापलेक बाजारात जातात, भाव पडलेला, गिऱ्हाईक फुकटात मागतंय, आणि शेवटी बाप स्वतःच्या हाताने पिकवलेल्या टोमॅटोवर नाचायला लागतो. आमच्या पुस्तकात होती शाळेत. तेव्हा सर वाचून दाखवत होते आणि वर्गातली अर्धी पोरं खाली बघत होती कारण घरी तेच चाललेलं. आजही भाव पडला की रस्त्यावर टोमॅटो ओतल्याचे व्हिडिओ येतात, त्याखाली शहरातली मंडळी लिहितात की गरिबांना वाटायचे ना. या लोकांना कथा पाठवतो मी लिंकच्या जागी. शेवट माहीत आहे म्हणताय ना, आम्हाला दर वर्षी माहीत असतो.

चहाबाज

बांधावरून, _/\_

रातकिडा

वरच्या प्रतिसादावर बोलण्यासारखं नाही काही. विषय थोडा बदलतो. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' कुणी वाचलीये का? 'अर्धसत्य' सिनेमा त्यावरून निघाला, पटकथा विजय तेंडुलकरांची. सिनेमा इतक्या वेळा बघितलाय की कथा वाचायची हिंमत होत नाही, ओम पुरीच दिसणार.

सांगलीकर_काका

वाचलीये. दिसतो ओम पुरी पहिली काही पानं, मग पानवलकरांची भाषा त्याला हाकलून देते. फार तुटक लिहितात, श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. पोलीसचौकीतली, कस्टममधली, बंदरातली असली माणसं मराठी कथेत फार कमी वेळा आलीत. पुस्तक मिळेल का ते मात्र सांगता येत नाही, माझी प्रत भाच्याने नेली ती नेलीच.

पेणची_पाहुणी

काका, भाच्याचा पत्ता द्या फक्त :)

दगडफूल

आमच्या लायब्ररीत कॅटलॉगमध्ये 'सूर्य' दिसतंय, पण 'बाहेर' असं लिहिलंय. नंबर लावून आलेय. तोवर 'कवच' आणि 'घनगर्द', या क्रमाने. 'लाल चिखल' काल रात्री वाचली, त्यावर वेगळं लिहीन, आत्ता नाही.